चार नंबरच्या बोटीचे गळ

४ फेब्रुवारी

बाबा,

खुशाली विचारत नाही. ती दादाकडून कळते. माझी तुम्हाला त्याच्याकडूनच कळत असणार. मी शिकायला बाहेर पडले त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळानंतरचं हे पहिलं पत्र कामाचं आहे. फोन केला असता, पण फोन तुम्ही दादाच्या हातात देता, आणि दादा निरोप पोचवताना त्याची धार काढून टाकतो. म्हणून कागद.

पत्राच्या दोन प्रती आहेत. एक माझ्याकडे राहील. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही यात येतील. कंटाळा आला तर तेवढ्या ओळी सोडा.

बाहेरच्या खडकावर हौशी पाहुण्यांना नेणाऱ्या अकरा बोटी आहेत. तिथे मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, एवढीच परवानगी आहे. सोडलेला मासा पुढे जगतो का, हे कोणी पाहिलं नव्हतं. ते पाहायचं म्हणून आमच्या मत्स्य संशोधन केंद्राने गेल्या हंगामात सगळ्या बोटींना गोल गळ दिले.

जुना गळ मासा गिळतो आणि वरून कोणी झटका दिला की टोक घशात नाहीतर पोटात रुततं. गोल गळाचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. झटका न देता दोरी नुसती ताणत नेली, तर तो घशातून काही न ओरबाडता सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यापाशी वळून बसतो. तिथून काढायला पाच सेकंद पुरतात. मासा पाण्याबाहेर घ्यावासुद्धा लागत नाही.

अट एकच. गळ सपाट हवा. काचेवर आडवा ठेवला तर दांडी, बाक आणि टोक तिन्ही काचेला टेकले पाहिजेत. टोक जरा जरी बाजूला कललेलं असेल, तर ते घशातून येता येता मिळेल तिथे रुततं. मग तो गळ गोल असून उपयोग नाही.

प्रत्येक बोटीला शंभर गळ दिले. साधं पोलाद, स्टेनलेस नाही. दोरी तोडायची वेळ आलीच तर गळ माशाच्या तोंडात गंजून गळून पडावा म्हणून. एक गळ, एक मासा, आणि वापरलेला गळ पाकिटात घालून परत. देण्याआधी अकराशेच्या अकराशे मी स्वतः मापले. टोकाचा कल कुठेही अर्ध्या अंशापेक्षा जास्त नव्हता.

आता गळ परत आले आहेत. सात बोटींवर शंभरात पाच मासे घशात अडकले. पूर्वेच्या धक्क्यावरच्या चार बोटींवर अठ्ठावीस. अकरा बोटी मिळून आकडा तेराच्या वर जातो. परवाने देणाऱ्या समितीची मर्यादा दहाची आहे. ती ओलांडली तर खडक पाच वर्षं बंद, सगळ्यांना.

त्या चार बोटींचे चारशे गळ मी पुन्हा मापले. टोकं बाजूला कललेली आहेत, नऊ ते अकरा अंश. जोर लावून मासा गळ उघडू शकतो. पण तो चारशे वेळा, एकाच बाजूला, एकाच मापात वाकवत नाही. हे माणसाचं काम आहे. हात चांगला आहे.

नियम असा की चाचणीच्या साहित्यात फेरफार करणाऱ्या कप्तानाचा खडकाचा परवाना एक हंगाम रद्द होतो. मात्र अहवाल वाचला जाण्याआधी त्याने स्वतःहून लेखी कळवलं, तर समज देऊन सोडतात. बैठक २७ तारखेला आहे. दोन ओळी पुरतील. सही आणि तारीख विसरू नका.

गळ कोणी वाकवले, असं मी या पत्रात कुठेही विचारलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

कनिष्ठ अभियंता,
मापन विभाग

११ फेब्रुवारी

बाबा,

काल दादाचा फोन आला. धक्क्यावरून बोलत होता. मागे इंजिन चालू होतं, म्हणजे तुम्हाला ऐकू जाऊ नये अशी सोय त्याने करून घेतली होती.

"बाबा म्हणाले, सांग तिला, माझ्या बोटीवर काय चालतं ते मला काचेवर ठेवून बघायची गरज नाही."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"आणखी जे म्हणाले ते मी सांगणार नाही."

"सांग."

"म्हणाले, अक्कल शिकवायला पोरीला नऊ वर्षं कॉलेजात घातलं नव्हतं."

मी त्याला म्हटलं, त्यांनी मला कॉलेजात घातलंच नव्हतं, हे त्यांना आठवण करून दे. शिवाय कॉलेज चार वर्षांचं होतं. बाकीची पाच नोकरीत गेली. दादा म्हणाला, तुझं हे असंच. माणूस मरणाचं बोलत असतं आणि तू त्याची बेरीज दुरुस्त करतेस.

मग तो मूळ मुद्द्यावर आला. "चार नंबर वगळून टाक ना. तूच लिहिणार आहेस. घरचं माणूस आत बसलंय, आणि तेच नेमकं आपल्या घरावर नांगर फिरवतंय. बाबा साठीला आले गं. एक हंगाम बोट बांधून ठेवली तर परत सोडतील असं वाटतं तुला?"

मी म्हटलं, दोन ओळी लिहिल्या तर एक दिवसही बांधावी लागणार नाही.

"ते लिहिणार नाहीत."

"का?"

"कारण त्यांना आपलं चुकलं असं वाटतच नाही. सुधारून दिले म्हणतात. केंद्राचे गळ आंधळे होते, मी त्यांना डोळा दिला, म्हणतात."

हे वाक्य तुमचं आहे, यात शंका नाही. दादाला ते सुचलं नसतं.

शेवटी त्याने विचारलं की बाबांनीच वाकवले हे तुला कसं कळलं. बाकीच्या तीन कप्तानांनाही हात आहेत. त्याला मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

आमच्याकडे एक यंत्र आहे. त्यात गळ ठेवला की त्याची सावली वीसपट मोठी होऊन समोरच्या काचेवर पडते. चारशेही गळांच्या टोकाखाली, तीन मिलिमीटरवर, एक बारीक उभी रेघ आहे. पोलाद दाबलं गेलं, पण तेवढी जागा सुटली. म्हणजे ज्या पकडीने दाबलं तिच्या जबड्याचा तिथे टवका उडालेला आहे. चारही बोटींवर एकच पकड.

तो टवका मी पाडला. नांगराच्या साखळीची गंजलेली पिन ओढताना, तेराव्या वर्षी. तुम्ही ओरडाल म्हणून मी पकड पाठीमागे लपवून उभी होते. तुम्ही ती मागून घेतलीत, अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "बरं झालं. आता कोणी ढापली तर ओळखू येईल."

ओळखू आली.

अजून सोळा दिवस आहेत.

१६ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. आज मी माझ्या बाजूच्या दोन चुका दुरुस्त करते, कारण प्रत माझ्याकडे राहणार आहे आणि त्यात खोटं नको.

पहिली. ४ तारखेच्या पत्रात "हात चांगला आहे" असं मी लिहिलं, जणू कोणा परक्याचं काम मी तपासत होते. ते काम मला येतं. बाराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तुमचे सगळे गळ मी वाकवले. शाळेतून आलं की बोटीच्या मागच्या फळीवर बसायचं, डाव्या हातात दांडी, उजव्यात पकड, आणि मनगट एवढंसं फिरवायचं. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या मनगटावर हात ठेवून दाखवलंत. "दाबायचं नाही. फिरवायचं. पोलादाला कळतासुद्धा कामा नये." महिन्याभरात माझा गळ तुमच्यापेक्षा सारखा यायला लागला. पाहुणे आले की तुम्ही मूठभर गळ त्यांच्या पुढे धरायचात: "आमच्या बारक्या मिस्त्रीचं काम." जुन्या गळांना तो कल चालायचा, कारण वरून तुमचा झटका असायचा. अख्ख्या बंदरात तुम्हाला 'झटका' म्हणतात ते उगीच नाही. काठीला जरा हिसका बसायच्या आत तुमचं मनगट उठलेलं असायचं. मी मोजलं होतं एकदा, पाहुण्याच्या घड्याळावर. तुमचा झटका चुकला असा मासा दीड महिन्यात एकच होता.

तेव्हा दहा अंशांचा कल बघून मला आश्चर्य वाटलं नाही. मी माझंच माप बघत होते.

दुसरी चूक. मी शिकायला बाहेर पडले असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हालाही तसंच लिहून मोकळी झाले. मी बाहेर पडले नाही. तुम्ही मला उतरवलंत.

त्या दिवशी बोटीवर दाताचे डॉक्टर होते, बायको होती, तिची नवी कोरी टोपी होती. मासा माझ्या उंचीचा होता. झटका तुम्ही दिलात आणि काठी डॉक्टरांच्या हातात दिलीत. चाळीस मिनिटं लागली. वर आला तेव्हा कल्ल्यांतून रक्त येत होतं. फोटो झाले. सोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या फळीवर होते. तो खाली गेला, आणि थोड्या वेळाने तीसेक मीटर मागे कुशीवर वर आला. पोट वर, पांढरं.

मी म्हटलं, "बाबा, तो मेला."

"दमलाय तो. जाईल खाली."

"नाही जाणार. घसा फाटलाय. गळ मी वाकवलाय, मला माहितीय किती."

डॉक्टर वळून बघायला लागले. तुम्ही इंजिनाचा दांडा पूर्ण पुढे लोटलात.

धक्क्यावर पाहुणे उतरेपर्यंत तुम्ही हसत होतात. मग म्हणालात, "बोटीवर पुढे बघायचं असतं. मागे बघणाऱ्याचं इथे काम नाही. उद्यापासून घरी." दादा दोर बांधत होता. तीच गाठ त्याने तीन वेळा सोडून बांधली, पण तोंड उघडलं नाही.

तुम्ही मला मारलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी परत आले असते.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला त्या दिवसानंतर जे काम मिळालं ते मागे बघण्याचंच आहे, आणि त्याचा पगार मिळतो. पण हे नोंदीत हवं. तो एक मासा डोळ्यांनी पाहिलेला. न पाहिलेले किती, हे मोजायला मी नऊ वर्षांनी बसले, आणि शंभरात अठ्ठावीस निघाले. त्यांतलं एक वाकडं टोकही मी शिकले त्या मापाचं नाही असं मला म्हणता येत नाही. तुम्हालाही येत नाही.

अकरा दिवस.

२२ फेब्रुवारी

बाबा,

पार्सल मिळालं.

तेलकट फडक्यात गुंडाळलेली पकड, वरून सुतळी, गाठ तुमची. चिठ्ठी नाही. मी फडकं दोनदा उलटं करून पाहिलं, आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी तिसऱ्यांदा पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, ही धमकी आहे की भेट?" मी म्हटलं, माझ्या घरी दोन्ही एकाच फडक्यात येतात.

जबडा यंत्राखाली धरला. टवका आणि गळावरची रेघ जुळली. जुळणारच होती.

मी पकड घेऊन आमच्या मुख्यांकडे गेले. ते चांगले गृहस्थ आहेत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आणि त्यांना कोणाशीही वाकडं घ्यायचं नाही. मी विचारलं, ही कबुली धरता येईल का. ते म्हणाले, "पकड सही करत नाही. नियमात 'लेखी' असं आहे."

मग दार लोटून त्यांनी मला बसायला सांगितलं.

"हे बघ. त्या चार बोटी बाजूला काढ. 'नोंदी अपुऱ्या' असं लिहू. उरलेल्या सातांवर पाच टक्के येतात. खडक उघडा राहतो, कोणाचा परवाना जात नाही, तुझ्या वडिलांचं नाव येत नाही. कोणाचं नुकसान झालं, सांग?"

मी म्हटलं, "नोंदी अपुऱ्या नाहीत, सर. त्या चार बोटींच्या नोंदी सगळ्यांत पूर्ण आहेत."

"अगं, मी तुला वाचवतोय."

"कशापासून?"

त्यांनी पकड माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "लोक म्हणतील, पोरीने बापाला विकलं."

मी विचार केला नाही असं नाही. सबंध दुपार केला. त्यांचा कागद सोपा आहे. तो लिहिला तर पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा पकड घेऊन बसाल. अकरा बोटींना वाटेल की पूर्वेच्या धक्क्यावर काहीतरी वेगळी युक्ती आहे, आणि तुमच्याकडून सगळे शिकतील, कारण तुमच्याकडून सगळेच शिकतात. मग शंभरात अठ्ठावीस हा आकडा चार बोटींचा राहणार नाही. हा मासा सात वर्षांचा होईपर्यंत अंडी घालत नाही. तीन हंगामांत खडकावर फोटो काढायला फक्त पाहुणे उरतील, मासा नाही.

म्हणजे गळ वाकवले होते एवढं लिहून भागत नाही. का वाकवू नयेत, हेही लिहावं लागतं, आणि ते कोणी व कसं केलं हे सांगितल्याशिवाय कोणी ऐकत नाही. मी मुख्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग अहवालावर सही तुझी, माझी नाही. मी म्हटलं, चालेल.

पकड पाठवून तुम्ही काय म्हणालात, ते मला कळलं. पुरावा हवाय ना, घे. दम असेल तर वाच. त्यात हात पुढे केल्यासारखंही काही होतं का, ते मला कळलं नाही. मापात बसत नाही ते मी धरत नाही.

पाच दिवस आहेत. पाकीट मी सोबत घालून पाठवतेय, माझा पत्ता लिहिलेलं. कोरा कागद आत आहे.

२८ फेब्रुवारी

बाबा,

पाकीट आलं नाही. तुम्ही आलात.

काल तुम्ही त्याच खोलीत होतात, तरी लिहिते. मी उभी होते तिथून ते वेगळं दिसलं असेल.

मला वाटलं होतं तुम्ही येणार नाही. खुर्च्या भरल्या, मुख्यांनी पंखा कमी करायला सांगितला, मी कागद उचलला आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ तुमचे बूट दिसले. बोटीवरचे, रबरी. बैठकीला तेच घालून आलात. मी पहिली ओळ दोनदा वाचली. ते कोणाच्या लक्षात आलं नसावं.

आकडे वाचेपर्यंत खोली शांत होती. "चार बोटींवरचे गळ वापरण्याआधी पकडीने वाकवलेले होते" असं वाचलं, तशी खुर्च्यांची सरकासरक सुरू झाली. पुढचं वाक्य मी असं लिहिलं होतं: "ही पकड बोट क्रमांक चारची आहे. चारचे कप्तान माझे वडील आहेत. वाकवण्याची ही पद्धत मी त्यांच्याकडून शिकले आणि सहा वर्षं त्यांच्यासाठी केली."

सात नंबरचे कप्तान, ज्यांना सगळे घड्याळ म्हणतात कारण ते कधीच वेळेवर येत नाहीत, मोठ्याने म्हणाले, "आयला! झटकाला घरातूनच झटका!" खोली हसली. मीही हसले असते, पण माझा कागद संपला नव्हता.

तेवढ्यात तुम्ही उठलात.

"मीच वाकवले. चारशेच्या चारशे. या तिघांचा काही संबंध नाही. मी तयार करून दिले, त्यांना वाटलं केंद्राकडून असेच येतात."

त्या तिघा कप्तानांतले बर्फवाले काका खाली बघत होते. त्यांच्या शेजारचे दोघे छताकडे. तुम्ही खोटं बोलत होतात. सपाट गळ त्या तिघांच्या हातात मी स्वतः मोजून दिले होते. ते तुमच्याकडे आपसूक चालत गेले नाहीत. पण कोणी काय मागितलं, कोणी आग्रह केला, याचं माझ्याकडे माप नाही, आणि माप नसताना मी बोलत नाही. हे तुम्हाला माहीत होतं. त्यावरच तुम्ही भिस्त ठेवलीत. मी गप्प बसले. तुमच्यासाठी मी एवढंच केलं.

अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मला वाटलं, आता माफी येते. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत.

"तिला विचारायचंय. गळ सपाट ठेवला आणि झटका मारला की मासा सुटतो. सुटतो की नाही?"

मी म्हटलं, "सुटतो."

"मग?"

"मग झटका मारायचा नाही."

पुन्हा हशा. तुम्ही हसला नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबलात आणि अगदी हळू विचारलंत, "मग कप्तान करतो काय बोटीवर?"

त्यानंतर कोणी हसलं नाही. त्या खोलीतल्या सगळ्या कप्तानांना तोच प्रश्न होता. विचारायची हिंमत तुमच्याशिवाय कोणात नव्हती. घड्याळकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी तयारी केलेली बावीस उत्तरं होती. हे त्यांत नव्हतं. मी म्हटलं, "थांबतो. मासा आमिष घेऊन वळला की पाहुण्याचा हात उठायला बघतो. कप्तान तो हात धरून ठेवतो. दोरी आपोआप ताणेपर्यंत. मग रीळ सावकाश फिरवायला सांगतो. झटका मारण्यापेक्षा ते अवघड आहे. म्हणून त्याला कप्तान लागतो."

तुम्ही "हं" म्हणालात. आणि बसलात.

निकाल तुम्ही ऐकलात. खडक उघडा, कारण सपाट गळांवर आकडा पाचच आहे. वाकवलेला गळ बोटीवर सापडला तर परवाना जाणार, सगळ्यांना लागू. तिघांना समज. बोट चारचा परवाना एक हंगाम रद्द, कारण लेखी आलं नव्हतं. बाहेर दादा भेटला. म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, समाधानाचं मला माहीत नाही, काम झालं. तो म्हणाला, बाबांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मी बघितलं होतं, बाबा. तुमच्या चेहऱ्यावर मला लाज दिसली नाही. वाद अर्धा राहिल्याचा राग दिसला.

मी केलं ते मला पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करेन. माफी मागत नाही. आणि तुमच्याकडूनही नको.

९ मार्च

बाबा,

पुन्हा कामाचं.

चार नंबरची बोट पाहुण्यांना घेऊन खडकावर जाऊ शकत नाही. मात्र केंद्राला एका हंगामासाठी अशी बोट हवी आहे जिच्यावर पाहुणे नसतील, फक्त सपाट गळ असतील, आणि सोडलेल्या प्रत्येक माशाला खूण लावून तो नंतर पुन्हा कुठे दिसतो ते पाहता येईल. निव्वळ मासेमारी, हौस नाही. इंधन केंद्राचं. हा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला आणि परवा तो मंजूर झाला. बोटीचं नाव समितीने माझ्यावर सोडलं. मी चार लिहिलं.

याला मेहरबानी समजू नका. अकरा कप्तानांपैकी भर बैठकीत उठून माझ्या पद्धतीत भोक पाडायचा प्रयत्न एकानेच केला. माझ्या आकड्यांना असाच माणूस हवा. सपाट गळ वाईट आहेत असं तुमचं अजूनही म्हणणं असेल, तर ते सिद्ध करायला तुम्हाला अख्खा हंगाम मिळतोय. तुम्ही जिंकलात तर तेही मी छापेन, त्याच टाइपात.

निरीक्षक म्हणून मी असेन. मला नेमलेलं नाही. मी अर्ज केला. मुख्य म्हणाले, दोघं एका बोटीवर चढलात तर एक जण पाण्यात पडेल. मी म्हटलं, दोघांनाही पोहता येतं.

काही गोष्टी आधीच ठरवू. काठी मी धरेन, तुम्ही बोट सांभाळा. माझं मनगट उठलं तर आठवण करून द्या. मलाही सवय तुमचीच आहे. तुमचं मनगट उठलं तर मी लिहून ठेवेन. मासा सोडल्यावर तो दिसेनासा होईपर्यंत इंजिन बंद. दादा यायला हवा, आणि या वेळी आपल्याला तोंड आहे हे त्याने लक्षात ठेवावं. बोटीवर मला बारकी मिस्त्री म्हणायचं नाही.

पकड मी परत करणार नाही. ती अहवालाला जोडलेली आहे, परिशिष्ट तीन.

तुम्ही लिहिणार नाही, हे मी आता गृहीत धरलं आहे. म्हणून संमतीसाठी कागद पाठवत नाही. सोमवारी सकाळी सहाला मी धक्क्यावर येईन. बोट आधीच सुटलेली असेल तर तो तुमचा नकार, असं मी समजणार नाही. त्या धक्क्यावरचे तीन कप्तान यंदा खडकावर जाताहेत ते तुम्ही त्यांना पाठीशी घातलंत म्हणून. त्यांतल्या कोणालाही मी म्हटलं, मला चार नंबरवर नेऊन सोडा, तर तो नाही म्हणू शकणार नाही. बर्फवाले काकांना मी विचारूनही ठेवलंय.

निरीक्षक,
बोट क्रमांक चार